पडझडीचं करायचं काय? आमच्या पाखाडीतल्या झाडकचरा केंद्राच्या नोंदी, जून २०२० ते जून २०२१

आधीच सांगतो, मी इंजिनिअर नाही. श्रीवर्धन तालुक्यात किनाऱ्याला लागून बारा गुंठ्यांची वाडी आहे आणि पर्यटकांसाठी दोन खोल्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या पाखाडीत, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीत, ६२ घरं आणि ४१ वाड्या होत्या. घरं आजही तेवढीच आहेत. पडलेल्या झाडांसाठी गावातच कायमची जागा उभी करायची, असं पाच-सहा जणांनी ठरवलं, त्याची ही वही. नोंदी होत्या तशा टंकल्या आहेत, फक्त शिव्या आणि नावं काढली, आणि पुढे काय झालं ते काही ठिकाणी नंतर जोडलं.

९ जून २०२०

वादळाला सहा दिवस झाले. वीज नाही, रेंज नाही. रस्ता काल मोकळा झाला, म्हणजे रस्त्यावर पडलेलं सगळं दोन्ही बाजूंच्या वाड्यांत लोटलं गेलं. शुक्रवारी वटपौर्णिमेला बायकांनी आडव्या पडलेल्या वडालाच दोरा गुंडाळला.

तोंडाला फडकी बांधून देवळात बैठक. कोणी म्हणालं जाळा, कोणी म्हणालं ठेकेदाराला द्या. ओलं लाकूड जळणार नाही, आणि ठेकेदार येणार कुठून, घाट बंद. मी म्हटलं, खाडीकडे मोकळी जागा आहे, तूर्त तिथे टाकू. सगळ्यांना पटलं. पुढे महिनाभर मी या वाक्यापायी बोलणी खाल्ली.

१४ जून

काम थांबलं. पंचनाम्याआधी झाड हललं तर नुकसान मोजायचं कशावरून, म्हणून लोक कुऱ्हाड लावू देत नाहीत. त्यांचं बरोबर आहे. फळबागेला हेक्टरी ५० हजार जाहीर झालेत. गुंठ्याला होतात ५००. दहा गुंठेवाल्याच्या हातात पाच हजार पडायचे, तेही कागद नीट असला तर.

तोडगा असा काढला: प्रत्येक पडलेल्या बुंध्यावर चुन्याने आकडा, मालक शेजारी उभा, मोबाईलवर फोटो, वहीत सही. फोटोत झाडाचं मूळ आणि घराचा कोपरा दोन्ही यायला हवेत, नाहीतर कोणाच्या वाडीतलं झाड ते कळत नाही. पहिल्या दिवशीचे ७० फोटो या एका कारणाने पुन्हा काढले. मोबाईल चार्ज करायला पोरगा मोटारसायकलवरून जनरेटरवाल्याकडे, एका फोनचे २० रुपये.

१९ जून

मोजणी संपली. माड ३४०, पोफळी (सुपारीची झाडं) ५,८०० च्या आसपास (शेवटी शेवटी दहा-दहाच्या गठ्ठ्यांनी मोजल्या), आंबा-फणस ५५. सुरूची झाडं आणि बाकीचं किरकोळ वेगळं. किनाऱ्यावरच्या वनखात्याच्या सुरूला आम्ही हात लावलेला नाही.

आता वजन किती? सगळे म्हणत होते, माडच जास्त भरतील. दिसायला माडच दिसतो. कोळीवाड्यातून मासळीचा काटा आणला. माडाचा मधला एक मीटरचा तुकडा ५८ किलो भरला. सरासरी १२ मीटर उंची धरली तर एक माड सातशे किलो, म्हणजे ३४० माडांचे २३८ टन. मग एका पोफळीचे आठ तुकडे करून तोलले. ८४ किलो. गुणिले ५,८००, म्हणजे ४८७ टन! दोनदा गुणाकार केला, आकडा तोच. आमची सगळी आखणी माडाभोवती चालली होती आणि खरा ढीग होता पोफळीचा, दुप्पट. झावळ्या, फांद्या, आंबा-फणस धरून एका पाखाडीचे ८०० टनांवर.

कोणी हे करणार असेल तर काटा पहिल्या दिवशी आणा. आम्ही दहा दिवस अंदाजावर घालवले.

२४ जून

२१ ला अमावास्या होती, ग्रहणही होतं. काल उधाणाचं पाणी खाडीकाठच्या आमच्या ढिगात शिरलं. झावळ्या तरंगत तिवरांत (खारफुटीत) अडकल्या, बुंधे उलटे फिरून होड्यांच्या रस्त्यात. कोळीवाड्यातल्या मावशी सकाळी दारात: "तुमचा कचरा आमच्या जाळ्यात कशाला रे?" उत्तर नव्हतं. होडीने ओंडके ओढून काढायला दोन दिवस आणि सात हजार गेले.

शिवाय तिथे भराव किंवा ढीग करताच येत नाही, सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) आहे आणि वर तिवरं. हे मला ठाऊक होतं. "तूर्त" म्हणून डोळेझाक केली.

दुसरं दुखणं म्हणजे ढीग मिसळलेला होता. माड, आंबा, पत्रे, कौलं, वायरी, एका घराची अख्खी खिडकी. वेगळं करायला चार माणसं आठ दिवस लागली. वाडीतच वेगळं केलं असतं तर घरटी दोन तासांचं काम होतं.

५ जुलै

जागा मिळाली. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गावापासून तीन किलोमीटर चढ. पहिला डोळा गुरचरणावर होता, पण ती जमीन सरकारी, ग्रामपंचायत फक्त सांभाळते, आणि परवानगीचा कागद आमच्या वेळेत आला नसता. मग खाजगी दीड एकर कातळ ११ महिन्यांच्या करारावर घेतला, ३० हजार. मालक मुंबईला, करार व्हॉट्सअपवर ठरला.

सड्याची गंमत अशी की पावसाचं पाणी थांबत नाही आणि ट्रॅक्टर रुतत नाही. पण पावसानंतर तिथे पाण्याचा थेंब मिळत नाही आणि उन्हाळ्यात वणवा येतो. जुलैच्या धो धो पावसात उभं राहून या दोन गोष्टी कोणाच्याच डोक्यात आल्या नाहीत. विहिरी मात्र लांब आहेत हे पाहून घेतलं. सडक्या ढिगातून चहासारखं काळं पाणी झिरपतं, ते कोणाच्या पिण्यात जायला नको.

२३ जुलै

चुना आणि दगड लावून रांगा आखल्या. माडाची, पोफळीची, आंबा-फणस-जळाऊची, पाल्याची, आणि "काय आहे माहीत नाही" अशी पाचवी. सगळ्यात जास्त भरते ती पाचवी.

आधी काय न्यायचं यावर वाद झाला. पोफळी संख्येने जास्त, म्हणून पोरांना त्या आधी हव्या होत्या. पलीकडच्या वाडीतले आबा ऐकून घेत होते, मग म्हणाले, "पोफळ पडून राहू दे वर्षभर, ती काय करत नाही. माड कुजला की त्यात गेंड्या अंडी घालणार, आणि तो उभ्या माडांवर जाणार. राहिलेत तेवढे तरी राखा."

गेंड्या भुंगा कुजणाऱ्या माडाच्या खोडात आणि शेणाच्या उकिरड्यात वाढतो. अळीची पूर्ण वाढ व्हायला काही महिने लागतात. मग भुंगा निघतो आणि माडाचा कोवळा सुरळीतला कोंब पोखरतो. पान उघडलं की कात्रीने त्रिकोण कापल्यासारखं दिसतं. जूनमध्ये पडलेल्या खोडाला हा हिशेब लावला तर दिवाळीच्या पुढे धोका. म्हणजे माडाला मुदत आहे, पोफळीला नाही. क्रम बदलला.

८ ऑगस्ट

माडाच्या फळ्या काढायच्या म्हणून तालुक्यातल्या एका सॉ मिलवर टेम्पोने १२ ओंडके नेले. तीन ओंडक्यांनंतर मालकाने पट्टा उतरवला आणि मला दाखवला. दात बोथट, हिरड्या उरल्यासारखे. माडाच्या लाकडात वाळूसारखी सिलिका असते, साधं पोलाद तिच्यापुढे टिकत नाही. उरलेले नऊ परत, भाडं दोन्ही बाजूंचं माझ्या खिशातून.

माड बाहेरून कडक आणि आतून भुसा असतो, हेही तिथेच कळलं. इतर झाडांत गाभा पक्का, इथे उलट. कामाचं लाकूड फक्त बुडख्याकडच्या भागात, तेही सालीकडचे तीन-चार बोटं. वरच्या निम्म्या खोडाच्या फळ्या करणं म्हणजे डिझेल जाळणं. आम्ही आता बुडखा २ मीटर फळीसाठी आणि खांबासाठी ठेवतो, बाकी उभं चिरून पाचरीने दोन फाका करतो. फाक वाळते, आणि वाळलेल्या फाकेत भुंगा अंडी घालत नाही.

चेनसॉ दोन घेतल्या. माडाच्या बुडख्यात पाच-सहा काप झाले की धार गेली. कानस मारायला एक माणूस कायमचा बसवला. कार्बाइड टोकाची चेन महाग, पण एकच घेतली आणि ती फक्त बुडख्याला लावतो.

१८ सप्टेंबर

यंत्र आलं! ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारं चिपर, म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे (चिप्स) करणारं यंत्र, जुनं, पनवेलकडच्या एका नर्सरीतून, १ लाख ८५ हजार. विकणाऱ्याने सांगितलं तासाला दोन टन. त्याने आंब्याची फांदी घालून दाखवली होती. सरळ, कोरडी, मनगटाएवढी.

आम्ही पहिल्यांदा ओली झावळी घातली. चाळीस सेकंदांत आवाज बदलला, पट्टा जळाल्याचा वास, बंद. झाकण उघडलं तर आत फिरणाऱ्या रोटरला काथ्याचा अंबाडा. सुऱ्यांनी झावळी कापलीच नव्हती, विंचरली होती. कोयत्याने कापून काढायला दीड तास. परत चालवलं, परत तेच. संध्याकाळपर्यंत एक घमेलंभर चिप्स आणि सहा माणसांची मजुरी.

२८ सप्टेंबर

दहा दिवस झगडून जमलेलं: झावळी आधी तीन आठवडे वाळवायची. पानं वाडीतच सोडायची, हीर काढायला बायका नेतातच. यंत्रात फक्त जाड देठ, तोही उलट्या बाजूने, बुडखा आधी. दर चार-पाच देठांमागे आंब्याची एक कोरडी फांदी घालायची, ती रोटरवरचा काथ्या झाडून नेते. सुऱ्या रोज उलटायच्या.

इतकं करून तासाला ३८० किलो. दोन टन कधीच नाही. ८०० टनांना ३८० किलोने भागलं तर दोन हजार तासांवर जातं, रोज सहा तास धरले तर पाऊस-सुट्ट्या न धरताही वर्षभर. हा भागाकार यंत्र घेण्याआधी करायचा होता. मुलाला म्हटलं, तू दहावीत आहेस, मला विचारायला काय झालं होतं? तो म्हणाला, बाबा, तुम्ही सांगितलं होतं मोठ्यांच्या मध्ये बोलू नको.

३ ऑक्टोबर

खिळा. आंब्याच्या फांदीत, झोपाळ्याचा जुना. सुरी तुटून झाकणावर आदळली. कोणाला लागलं नाही हे नशीब. दोन सुऱ्या आणि एक बेअरिंग, १४ हजार. आता घराजवळच्या प्रत्येक झाडाच्या मालकाला विचारतो, झोपाळा होता का, कपड्यांची तार होती का, दिवाळीचा कंदील कुठे टांगायचात. हो म्हणाला की तो तुकडा जळणात.

पाचव्या रांगेत सिमेंटचे पत्रे फार निघताहेत. त्यात अॅस्बेस्टॉस असतो, फुटला की धूळ फुफ्फुसात जाते. पोरं ते हातोड्याने फोडून पोत्यात भरत होती, मी धावत जाऊन थांबवलं. आता पाणी मारून, न फोडता, जाड मेणकापडात दुहेरी गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवलेत. त्यांची सोय घातक कचऱ्याच्या जागी व्हायला हवी, आपल्या सड्यावर नाही. ते अजून तिथेच आहेत.

२६ ऑक्टोबर

काल दसरा, यंत्राला झेंडूची माळ घालून पूजा केली. आज माडाच्या रांगेतला तळचा ओंडका उलटला आणि आत बोट घातलं. मऊ लागलं. फोडला तर अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या, इंग्रजी सी-सारख्या वाकलेल्या, डोकं तांबूस. एका ओंडक्यात १७ मोजल्या. दोन महिने न हललेला ढीग होता तो. वरचे ओंडके फाकले, तळचे राहिले, कारण तळाशी हात पोचत नव्हता. भुंग्यापासून वाचण्यासाठी केलेल्या जागेवर आम्हीच भुंगे पाळले.

तीन दिवस सगळं थांबवून फक्त तेच. अळ्या वेचून कोंबड्यांना (कोंबड्यांची दिवाळी आधी झाली). ओंडके फोडून पसरले. पाल्याच्या राशीत आणि शेजारच्या तीन उकिरड्यांत मेटारायझियम बुरशी टाकली. लागण झालेली अळी काही दिवसांत कडक होते आणि तिच्यावर हिरवी बुरशी येते. पंधरवड्याने तशा आठ-दहा मिळाल्या तेव्हा हायसं वाटलं. मडक्यांत एरंडीची पेंड भिजवून सापळे लावले, एक किलोला पाच लिटर पाणी. वास असा की पहारेकऱ्याने जागा बदलून मागितली.

नियम: माडाची रास कंबरेच्या वर नको, आणि खाली दोन आडवे ओंडके घालून जमिनीपासून उचललेली हवी.

२१ नोव्हेंबर

आंब्याचं जळण वीटभट्टीला विकायचं ठरलं. टेम्पो भरला, निघाला, नाक्यावर थांबवला. वनखात्याचा वाहतुकीचा पास कुठे? माड-पोफळीला विचारत नाहीत म्हणून आम्ही धरून चाललो होतो की वादळात पडलेल्या कशालाच विचारणार नाहीत. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, जांभूळ, चिंच सगळे आहेत. झाड आपणहून पडलं तरी लाकूड हलवायला पास लागतो. चूक आमचीच. टेम्पो परत, भाडं गेलं, पास मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. तेव्हापासून यादीतल्या झाडांच्या ओंडक्यांना लाल फडकं बांधतो. त्यावर चुन्याचा जुना आकडा असतोच, त्यामुळे कोणाच्या सातबाऱ्यातलं झाड ते दाखवता येतं. जूनमधला तो चुन्याचा उद्योग इथे कामी आला.

यातलं थोडं जळण गावच्या स्मशानासाठी वेगळं काढून ठेवलं, फुकट. यंदा त्याची गरज आहे.

१५ डिसेंबर

खताच्या राशी. नुसत्या चिप्स अडीच महिन्यांत तशाच राहिल्या, वर्षभर राहिल्या असत्या. लाकडात नत्र जवळजवळ नाही. कोणीतरी सुचवलं, मासळीची घाण घाला, त्यात नत्र भरपूर. घातली. रात्री पंचक्रोशीतली कुत्री सड्यावर, सकाळी रास विस्कटलेली आणि खाली गावापर्यंत वास. दोन दिवसांत बंद.

मग ताजं शेण आणि टनाला पाच किलो युरिया पाण्यात कालवून थराथरावर. टँकरचं पाणी, ८०० रुपये खेप. (सड्यावर पाणी नाही हे आता आठवलं.) पाचव्या दिवशी सळई आत खुपसून काढली तर हातात धरवेना. लांब दांड्याचा थर्मामीटर मागवला, ६२ अंश. दर दहा दिवसांनी रास उलटतो. मधल्या गरम भागात एकही अळी मिळालेली नाही, ज्या मिळाल्या त्या सगळ्या गार कडेला. म्हणून उलटताना कडेचं मध्ये आणि मधलं कडेला, हे कटाक्षाने.

१२ फेब्रुवारी २०२१

पहाटे पहारेकऱ्याचा फोन, "भाऊ, राशीतून वाफ येतेय." मी म्हटलं, येऊ दे, थंडी आहे. तो म्हणाला, "काळी येतेय."

आंब्याच्या चिप्सची रास, जागा वाचवायला आम्हीच साडेतीन मीटरपर्यंत उंच केली होती. आतून आपोआप तापली आणि धुमसायला लागली. जेसीबीने उघडली तर आत करडी राख आणि पेटते कोळसे, हवा लागली तशा ज्वाळा. दोन टँकर पाणी, चार तास. आजूबाजूला वाळलेलं गवत, वारा पडलेला होता म्हणून निभावलं. साधारण नऊ टन गेले.

आता एकही रास माणसाच्या उंचीवर नाही, दोन राशींत ट्रॅक्टर वळेल एवढी वाट, आणि सगळ्या जागेभोवती चार मीटर गवत जाळून-खरवडून जाळरेषा. ती डिसेंबरातच काढायची असते. आम्ही आग लागल्यावर काढली. मार्चमध्ये शेजारच्या सड्यावर वणवा आला तो या पट्ट्यापाशी थांबला.

२० मार्च

पोफळीची ३०० रोपं पिवळी पडली. कारण मी. पिशव्या भरताना मातीत आमचंच खत मिसळलं, काळं दिसत होतं, वास छान येत होता. अर्धवट कुजलेल्या चिप्सनी मातीतलं नत्र ओढून घेतलं. कृषी सहायकांनी मूठभर हातात घेऊन चोळलं, तुकडे दाखवले, काही बोलले नाहीत. चिप्स वर पसरायच्या, बुंध्यापासून वीतभर लांब. मातीत मिसळायचं ते चाळून, पुरतं कुजलेलंच. २१० रोपं युरियाच्या पाण्याने सावरली.

३० एप्रिल

हिशेब, कारण मुंबईकर मंडळाला द्यायचा आहे.

चिपर १,८५,०००. त्याची दुरुस्ती ४१,०००. ट्रॅक्टर ९६,०००. चेनसॉ आणि चेन ६३,०००. जागा ३०,०००. मजुरी २,१०,०००. जेसीबी ३८,०००. टँकर, मेणकापड, सटरफटर १७,०००. एकूण ६,८०,०००.

आले: जळणाचे १,१२,०००. पोफळीच्या रीपा, कुंपणाच्या काठ्या, मांडवाचे खांब ७४,०००. माडाच्या फळ्या-खांब ५८,०००. चिप्स आणि खत ४३,०००. चाकरमान्यांनी पाठवले २,५०,०००. तूट १,४३,०००, ती आम्ही सहा जणांत.

हिशेब मांडताना एक आकडा बोचला. ट्रॅक्टर ७०० रुपये तासाने ९६ हजारांचा, म्हणजे चिपर १३७ तास चाललं, तासाला ३८० किलोने ५२ टन. आठशेपैकी बावन्न! यंत्र, दुरुस्ती आणि ट्रॅक्टर मिळून ३ लाख २२ हजार, म्हणजे टनाला सहा हजारांवर. बाकीचं सगळं कोयता, पाचर, पहार आणि माणसांनी उरकलं. पोफळी तर बहुतेक वर आल्याच नाहीत. लोकांनी वाडीतच उभ्या चिरून रीपा केल्या, बांधाला लावल्या, पाटावर पन्हळ टाकले, जसं त्यांचे आजे-पणजे करायचे. आम्ही ४८७ टनांची धास्ती घेतली, त्यातले साठ-सत्तर टन सड्यावर आले असतील.

पुन्हा करायचं झालं तर यंत्र घेणार नाही. वर्षातून दहा दिवस भाड्याने आणीन, तेही सगळं वाळल्यावर.

१९ मे २०२१

परवा तौक्ते वादळ. समुद्रातूनच गेलं, तरी निसर्ग वादळात मुळं सैल झालेली झाडं उरली होती ती गेली. ३१ माड, चारेकशे पोफळी, ६ आंबे. केंद्राची शेड उडाली, पत्रे जाळरेषेपलीकडे मिळाले. शेड बांधताना पत्रे आवळणारे हुकाचे बोल्ट वाचवले होते, त्याची ही किंमत.

बाकी मात्र वेगळं चाललंय. चुना प्रत्येक पाखाडीत आधीच एक गोणी ठेवला होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आकडे, फोटो, सह्या झाल्या. लाल फडकी यादीतल्या झाडांना, पांढरी माडांना, पोफळीला काहीच नाही कारण ती जाणारच नाही. पत्रे आणि वायरी घरासमोर वेगळ्या. गेल्या वर्षी याच टप्प्याला मी खाडीकडे बोट दाखवत होतो.

२ जून २०२१

३१ पैकी २२ माड फाकून झाले. चिपरला अजून हात लावलेला नाही, त्याच्यावर कोणीतरी नारळाची रोपं ठेवलीयत. डिझेल भरून ठेवायचं राहिलं होतं, त्यात दोन दिवस गेले, पुढच्या एप्रिलच्या यादीत लिहिलं. करार संपतोय, मालकाने भाडं ४० हजार सांगितलंय. ३५ ला येईल असं वाटतं.

उद्या ट्रॅक्टर आठला. चेन घासून ठेवली आहे. आबांच्या वाडीतले चार माड आधी, त्यातल्या एकाला कालच भुंग्याने कापलेलं पान दिसलं.